चंदाने मोडलेली शपथ

"मॅडम, मी सांगितलं तर ती माझ्याशी कधीच बोलनार नाय," चंदा स्टाफरूमच्या दाराशीच थांबली.

अलका मॅडमनी तपासायची वही मिटली. "कोण? अश्विनी?"

चंदाने होकारार्थी मान हलवली. नववीत दोघी एकाच बाकावर बसत. सूत कंपनीत कामाला लागलेल्या वडिलांबरोबर चंदा शिरपूरहून अथाल गावच्या चाळीत आली, तेव्हा तिच्याशी पहिल्यांदा बोलली ती अश्विनीच. तिच्या खानदेशी बोलण्याला वर्ग हसायचा, तेव्हा अश्विनी सगळ्यांच्या अंगावर धावून जायची. आज ती शाळेत आली नव्हती.

काल शाळा सुटताना अश्विनीने चंदाचा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला होता. "घे माझी शपथ. उद्या दोनच्या बसने विकीकडे चाललेय. कोणाला बोललीस, तर मी तुला मेले."

हा विकी अश्विनीने फक्त फोनवरच्या फोटोत पाहिला होता. त्याला आवडत नाही म्हणून तिने नाचाचा क्लास सोडला. उत्तर द्यायला उशीर झाला की तिचा चेहरा पांढरा पडायचा. 'चंदाशी मैत्री तोड,' असंही तो हल्ली सांगू लागला होता. मंगळवारी मॅडम वर्गात म्हणाल्या, "ज्या मैत्रीत सारखी भीती वाटते, ती लपवू नका. स्वतःची असो वा मैत्रिणीची." तेव्हापासून चंदाला जेवण जात नव्हतं.

सगळं ऐकून मॅडम उठल्याच. दीड वाजून गेला होता. अश्विनीच्या आईला फोन लावत त्यांनी चंदाला घेऊन रिक्षा पकडली.

अश्विनी वापीच्या बसमध्ये खिडकीशी बसली होती. मॅडम दारात थांबल्या, चंदा आत चढली.

"सांगितलंस ना?" अश्विनीने पिशवी छातीशी आवळली.

"हा." चंदा शेजारी बसली. "चल, मी बी येते."

"वेडी झालीस?"

"तुला भ्या वाटतंय. मला बी वाटतंय. पन एकटी नको जाऊ."

अश्विनीचा फोन वाजला. पडद्यावर विकीचं नाव होतं. दोघी दचकल्या. तो थांबला, पुन्हा वाजला. ड्रायव्हरने गाडी सुरू केली, तसं मॅडमनी कंडक्टरचा घंटीकडे गेलेला हात धरला. अश्विनीने फोन उचलला नाही. ओंजळीत तोंड लपवून ती रडू लागली. बस दोघींना न घेताच गेली.

पुढे पोलिसांनी विकीचा शोध घेतला. फोटो भलत्याच पोराचा होता. विकी चाळिशीचा निघाला.

अश्विनीने बाक बदलला. बोलणं तोडलं. शाळा सुटली की ती पुढे निघून जायची, चंदा पन्नास पावलं मागून.

एका दुपारी चंदाच्या चपलेचा पट्टा तुटला. ती रस्त्याकडेला बसली. कंपनीचे ट्रक धुरळा उडवत गेले. तिने वर पाहिलं, तर पुढे अश्विनी थांबली होती. पाठमोरीच.

चंदा चप्पल हातात घेऊन उठली. तिची पावलं ऐकू आल्यावर अश्विनी चालू लागली, जरा सावकाश.