उलटं सील

गोदानं पान्यावर सगळा भार टाकला आणि पुढच्या चाकाचा नट एकदम सैल झाला. इतक्या सहज, की ती पुढे झोकांडली आणि तिचं कोपर मडगार्डवर आपटलं.

“सुटला?” व्यंकटेशरावांनी विचारलं. ते प्लास्टिकच्या स्टुलावर, हँडल धरून बसले होते.

“सुटला. पण त्यात पिन नव्हती.”

“कसली पिन?”

“तीच हो, नट फिरू नये म्हणून आरपार घालून टोकं दुमडतात ती. तुम्हीच मघाशी म्हणालात, आधी पिन काढ. पिनच नाहीये.”

“पडली असेल कुठंतरी.”

“दुमडलेली पिन पडते?”

“जुनी गाडी आहे, गोदा. चाक काढ आता.”

पेरांबूरच्या त्या इमारतीखाली, खांबांच्या सावलीत ही मोटरसायकल संक्रांतीपासून उभी होती. लेक संयुक्ताच्या जन्माच्या वर्षी घेतलेली. व्यंकटेशराव रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यात फिटर होते. मिरजेहून इथं आले तेव्हापासून त्यांनी गाडीला परक्या माणसाचा हात लागू दिला नव्हता. संक्रांतीच्या सुमारास एका सकाळी ते उठले आणि म्हणाले, डोळ्यांपुढं अंधार आलाय. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू, नस सुकली. कधीपासून, असं त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं. हे म्हणाले, आत्ता आत्ताच.

आता संयुक्ताला ओरगडमच्या नोकरीवर जायला गाडी हवी होती. पण पुढचे शॉकअप दबले की तेल गळायचं. मेकॅनिकचं नाव काढताच व्यंकटेशरावांनी मान हलवली. “तू कर. मी सांगतो.” बँकेत काउंटरवर आयुष्य गेलं असलं, तरी गोदा हे काम ओळखून होती. इतकी वर्षं बॅटरी धरायला, पाने हातात द्यायला तीच तर असायची.

चाक निघालं, मडगार्ड निघालं. शॉकअपचे दोन्ही पाय तिनं खाली ओढून काढले आणि गोणपाटावर आडवे ठेवले.

“आधी डावा घे. वरची टोपी सोडव, पण तोंड बाजूला ठेव. आतली स्प्रिंग उसळते. मग पालथा कर.”

तिनं पाय घमेल्यावर पालथा धरला. काही आलं नाही. तिनं हलवला, तळाशी थोपटलं. गंजलेल्या रंगाचे काही थेंब पत्र्यावर पडले.

“येतंय ना?”

“नाही.”

“असं कसं? नीट पालथा केलास का?”

“केला. कोरडा आहे.”

तिनं तो बाजूला ठेवला आणि उजव्याची टोपी काढली. हा पालथा केला मात्र, भसकन काळं तेल आलं, आणि येतच राहिलं. एका पायात भरायचं तेवढं नवं तेल तिनं सकाळीच डब्यात मोजून ठेवलं होतं. घमेल्यात त्याहून पुष्कळ जास्त साचलं होतं, आणि हे वर्षभर गळून उरलेलं.

गोदा घमेल्याकडे बघत राहिली. दोन्ही पायांचं तेल एकाच पायात ओतलेलं होतं.

“आता रबरी टोपी उचक, खालची तार काढ,” ते सांगत होते. “मग तेल अडवणारं सील दिसेल. नवं बसवताना लक्षात ठेव, स्प्रिंगची बाजू आत, तेलाकडे. उलटं बसलं तर नसल्यासारखंच.”

तिनं टोपी उचकली. सीलच्या ओठात वळलेली बारीक स्प्रिंग वर होती, सरळ तिच्याकडे तोंड करून. तिला आपलंच काही चुकतंय असं वाटलं. तिनं नवं सील शेजारी धरलं, फिरवून पाहिलं. मग दुसऱ्या पायाची रबरी टोपी काढली. तिथंही तेच.

गेल्या उन्हाळ्यात ही सीलं त्यांनी स्वतः बदलली होती. एकट्यानं. बॅटरी धरायला ती खाली आली, तर म्हणाले होते, ऊन फार आहे, तू देवळात जाऊन ये. तिला बरं वाटलं होतं.

ती जमिनीवर बसली. तेलकट हात कुठं ठेवावेत ते तिला कळेना.

“गेल्या उन्हाळ्यात तुम्हाला दिसत नव्हतं,” ती म्हणाली.

वरच्या मजल्यावर कुणाच्या तरी कुकरची शिटी झाली.

“अहो.”

“थोडं दिसायचं. समोरचं, नळीतून बघितल्यासारखं. कडेचं नाही.”

“आणि सावलीत?”

“सावलीत नाही.”

उन्हाळा ते संक्रांत. मधले सगळे महिने हा माणूस गाडी चालवत होता आणि ती मागं बसत होती. तांबरमला बहिणीकडे. पावसात, दिवे लागल्यावर.

“निधीला टाकीवर बसवून मरीनाच्या समुद्रावर नेलंत तुम्ही.” तिनं टाकीकडे बोट केलं. “पोर पुढं बसली होती हो. आपल्या संयुक्ताची पोर.”

“हळू नेली होती.”

“हळू!”

“तू होतीस ना मागं.”

तिला अर्थ लागला नाही.

“तू बोलतेस,” ते म्हणाले. “बस आली बघा बाजूनं. ती बाई मधेच शिरली. सिग्नल पडला की. जन्मभर बोलत आलीस. आधी मला वैताग यायचा. मग ते नळीतलंही कमी कमी होत गेलं, तेव्हा… तुझ्याशिवाय मी गाडी काढलीच नाही गोदा, एकदाही नाही.”

हे खरं होतं. कढीपत्ता आणायला निघाले तरी म्हणायचे, चल ना बरोबर. निवृत्तीनंतर माणूस बदलला, असं तिनं शेजारच्या प्रमोदिनीला किती कौतुकानं सांगितलं होतं.

ती उठली. शॉकअपची नळी पुसायला लागली. जुनं सील उपसून नव्याला तेलाचं बोट लावलं, स्प्रिंगची बाजू आत केली आणि हलक्या हातानं ठोकत खाली बसवलं. एक झालं, दुसरं झालं.

“काय करतेयस?” व्यंकटेशरावांनी विचारलं.

ती काही बोलली नाही.

“तार बसली का खोबणीत? गोदा? बोल ना गं.”

त्या आवाजानं तिचा हात थांबला. असाच आवाज तिनं ऐकला होता. जॉर्ज टाउनमध्ये भांड्यांच्या दुकानात यांचा धक्का लागून स्टीलच्या डब्यांची चळत कोसळली, तेव्हा ती चारचौघांत त्यांना बोलली होती. तेही उलट बोलले होते. परत येताना तिनं खांद्यावरचा हात काढून घेतला आणि तोंड शिवलं. ते सारखे विचारत होते, ऊन लागतंय का गं, पुढं काय गर्दी आहे का, बोल ना. किती वर्षांनी मनधरणी करतायत, म्हणून ती मागं बसून ओठ दाबून हसली होती. मुद्दाम घरापर्यंत बोलली नव्हती.

“जॉर्ज टाउनहून येताना मी बोलत नव्हते,” ती म्हणाली.

“हो.”

“मग?”

“एका बसच्या मागं लागलो. तिच्या आवाजावर. ती थांबली की थांबायचो.”

“बस कुठं चालली होती?”

व्यंकटेशरावांनी गुडघ्यांवर तळवे पुसले. “ते मला माहीत नव्हतं,” ते म्हणाले.

नंतर ती बोलली, पण कामापुरतंच. डाव्यात तेल ओतते. उजव्यात ओतते. चाक चढवलं. नटात नवी पिन घातली. ते सांगत राहिले, ती करत राहिली. दोघंही एकदाही अडखळली नाहीत.

संध्याकाळी संयुक्ता आली. गाडी घेऊन कोपऱ्यापर्यंत गेली, खड्ड्यांतून मुद्दाम घालत परत आली आणि हेल्मेट काढता काढता म्हणाली, “अम्मा, सूपर! लोण्यासारखी जातेय. काय झालं होतं हिला?”

गोदा नळाखाली हात धूत होती. साबण तिसऱ्यांदा लावूनही काळं निघत नव्हतं.

“सील उलटं बसलं होतं.”

“अय्यो. असलं काम कुणी केलं होतं?”

व्यंकटेशराव स्टुलावरून उठून उभे राहिले होते. लेक फाटकाजवळच आहे असं समजून त्यांनी तोंड तिकडे केलं होतं. तिथं कुणी नव्हतं.

गोदानं नळ बंद केला.

“आम्ही दोघांनी,” ती म्हणाली.