नमुन्याचा पट्टा

कुरुळीच्या त्या शेडमध्ये कस्तुराबाईंचा मान मोठा. समुद्रातल्या तेलविहिरीवर आग लागली की माणसं एका बंद होडीत बसतात आणि ती होडी उंचावरून पाण्यात उडी घेते. त्या होडीतल्या आसनांचे पट्टे इथे शिवले जात. दर खेपेला एक पट्टा नमुना म्हणून तपासणीच्या यंत्रावर ताणायला जाई, आणि तो कस्तुराबाईच शिवत. जाड दोरा, चार शिवणी, घाई नाही. बाकीचे पाचशे पट्टे ठेक्यावरच्या पोरी दोन शिवणींत उरकत. शेडचा तो रिवाजच होता, आणि रिवाजाला पाप म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही.

पाहुण्यांच्या कपबशा वेगळ्या असतात तसंच हे, असं कस्तुराबाईंना दहा वर्षं वाटत आलं. शेजारच्या मशीनवर बसणारी सून मिनल, तिलाही त्यांनी नमुना हौसेने शिकवला होता.

मंगळवारी एक खोकं परत आलं. सरावात होडी सोडली तेव्हा पट्टा तुटला, एकाचा मणका मोडला आणि आता त्याला उठून बसता येत नाही, असं सुपरवायझर नवनाथने दबक्या आवाजात सांगितलं. कस्तुराबाईंनी खोक्यातला तुटका पट्टा हातात घेतला. शिवणी दोनच होत्या. आपल्या चांगल्या कामाच्या आडून इतकी वर्षं काय बाहेर गेलं, ते त्यांना आत्ता उमगलं.

नवनाथने नव्या खेपेचा नमुना मागितला.

"न्हाई शिवायची," त्या म्हणाल्या. "ढिगातला कोणताबी उचल अन् तपासायला धाड."

नवनाथ वाईट माणूस नव्हता. माल वेळेत गेला नाही तर काम दुसऱ्या शेडला जाईल, असं त्याने परोपरीने समजावलं. शेवटी खाली मान घालून त्याने उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. एकाही पोरीने मशीनवरून नजर उचलली नाही. कस्तुराबाईंनी होडीवाल्यांना पत्र धाडलं. तपासणीचा दाखला बिनचूक आहे, असं उत्तर आलं. बिनचूक असणारच, तपासलेला पट्टा कस्तुराबाईंनीच शिवला होता.

पंधरवड्याने मिनल कामावरून आली ती जेवायलाच बसेना.

"आत्या, नमुना माझ्याकडं दिलाय," ती म्हणाली. "ह्यांची कंपनी बंद हाय. मी बी न्हाई म्हणले तर घर कसं चालायचं?"

कस्तुराबाईंनी तिचा हात हातात घेतला. बोटावर जाड दोऱ्याचा वळ उठला होता.

"किती शिवणी घातल्या?"

"चार. तुमी शिकवल्या तशा."

मिनलचा पट्टा यंत्रावर तुटला नाही. बाकीचे पाचशे त्याच दाखल्यावर दुसऱ्या दिवशी समुद्राकडे निघाले.