शिळेचे डोळे

"उघडले! देवीनं डोळे उघडले!"

चांदवडजवळच्या पत्र्याच्या मंडपात एकच गलका उठला. भरदुपारी पडदे ओढून अंधार केलेला. गोटीराम महाराजांनी दिवा काळ्या शिळेच्या उजवीकडून डावीकडे नेला आणि मिटल्या पापण्यांचा चेहरा टक्क बघू लागला.

"ही नजर ज्याच्यावर पडली, त्याला चष्मा नको, थेंब नको, दवाखाना नको!" महाराज गरजले. "शिळेला मात्र हात लावाल तर जळाल!"

वैष्णवीने शेजारी बसलेल्या मावशीकडे, कुसाबाईंकडे, पाहिले. त्यांना काचबिंदू होता आणि महाराजांच्या सांगण्यावरून दोन महिन्यांपासून त्यांनी डोळ्यांत थेंब घालणे सोडले होते.

वैष्णवीची नजर महाराजांच्या हातावर खिळली. दिवा डावीकडे की डोळे उघडे, उजवीकडे की मिटलेले. एकदाही उलटे होईना. देवी दिव्याच्या एवढ्या धाकात?

नाशिकजवळच्या अंबडच्या कारखान्यात ती पत्र्यावरचे पोचे शोधायची. कॅमेरा हलवायचा नाही, दिवे आळीपाळीने चारी बाजूंनी लावायचे. दिव्याकडे तोंड केलेला उतार उजळतो, पाठ केलेला काळवंडतो. चार फोटोंतला उजेड पडताळून संगणक चढउतार मांडून देतो.

पुढच्या आरतीला तिने मोबाइल खांबाला घट्ट बांधला. दिवा चौफेर फिरला, फोटो निघाले. घरी लॅपटॉपवर पापण्यांच्या जागी तिरप्या खाचा उमटल्या, काहींचा उतार डावीकडे, काहींचा उजवीकडे. एकाच दगडात दोन चेहरे, उजेड ज्या बाजूने येईल त्याप्रमाणे दिसणारे!

"यंत्रात काय बी दिसतं, पोरी," मावशी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी भर मंडपात वैष्णवी त्यांना शिळेपाशी घेऊन गेली.

"जळशील, म्हातारे!" महाराज किंचाळले.

वैष्णवीने आधी स्वतःचा तळवा टेकवला. मग कुसाबाईंची बोटे दगडावरून फिरली. चाळीस वर्षे त्यांनी छिन्नीचे घाव घालून गावाच्या जात्यांना टाकी लावली होती. बोटे थबकली.

"अगं, ही तर टाकी हाय! एक घाव इकडून, एक तिकडून. लय ताजी हाय, धार बोचती."

वैष्णवीने दिवा गर्दीतल्या एका बाईच्या हाती दिला. तिनेही दिवा फिरवून देवीचे डोळे उघडून दाखवले, मिटून दाखवले.

"देवी रुसली," महाराज पुटपुटले. या वेळी कोणी हात जोडले नाहीत.

नाशिकच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले, "गेलेली नजर परत येणार नाही. उरलेली थेंबांनी टिकवू."

कुसाबाई बाहेरच्या बाकावर बसून खूप रडल्या. मग म्हणाल्या, "तिथं मंडपात अजून कोणी औषध सोडलंय का, ते बघून येऊ. चल."

कोणी औषध बंद करायला सांगितले, तर आधी पुरावा मागा आणि डॉक्टरांना विचारा. खऱ्याला तपासणीची भीती नसते.