ट्रकला लागलेली खोड

वस्ताद हे नाव त्यांना कंपनीतल्या पोरांनी दिलं होतं आणि ते त्यांना मनापासून आवडायचं. आवडणारच. शिष्य कोण, तर एक अख्खा ट्रक. कंपनीला बिनड्रायव्हरचे ट्रक रस्त्यावर आणायचे होते. त्यासाठी गाडीभर कॅमेरे बसवले होते. वस्ताद गोदामातून बंदरावर माल न्यायचे आणि त्यांचं बघून बघून गाडीतली कृत्रिम बुद्धिमत्ता चालवायला शिकायची. वळण कसं घ्यायचं, आगाऊ दुचाकीवाल्याला कशी वाट द्यायची, सगळं.

या नोकरीपायी एकच माणूस दुरावलं, पण ती नेमकी ताई होती. बंदराच्या रस्त्यावर तिची रोपवाटिका. बातमी ऐकून ती म्हणाली होती, "स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतोयस. यंत्र शिकलं की तुला घरी बसवतील." त्यावर वस्ताद फणकाऱ्याने बोलून गेले, "तुला गाडीतलं काय कळतं?" ज्या ताईने वडिलांमागे घरचा टेंपो चालवला, शेजारी बसून वस्तादांना क्लच सोडायला शिकवलं, तिला. झालं, बोलणं बंद. त्याला वर्ष होत आलं.

चूक आपली, हे वस्तादांना त्याच दिवशी कळलं होतं. पण आधी मान कोण तुकवणार? रोज रोपवाटिकेसमोर ते गाडी हळू करायचे. ताईने हाक मारली तर थांबायचं, असा बेत. ताई पाठ करून कुंड्यांना पाणी घालत राहायची. मग वस्ताद नाक फुगवून निघून जायचे. शेवटी एकाच आईची लेकरं, हट्टात कोण मागे राहणार.

चाचणीच्या दिवशी वस्ताद मांडीवर हात ठेवून बसले. गाडी शिकली की नाही ते आज ठरणार होतं. नियम एकच होता, त्यांनी ब्रेकला पाय लावला की चाचणी बाद. मागे लॅपटॉप घेऊन इंजिनिअर पोरगी आणि तिच्या शेजारी कडक इस्त्रीतले मोठे साहेब.

गाडी अशी झकास चालली की वस्तादांचा ऊर भरून आला. खड्डासुद्धा तिने त्यांच्याच ढंगात चुकवला. साहेब खुशीत आले. आणि सरळ, मोकळ्या रस्त्यावर गाडी एकाएकी मंदावली.

"पुढे काही आहे का?" साहेबांनी विचारलं.

"नाही सर, रस्ता मोकळा आहे." पोरीचा चेहरा उतरला. "माझंच काहीतरी चुकलंय."

वस्तादांनी बाजूला पाहिलं. रोपवाटिका. गप्प बसलो तर खापर या पोरीवर फुटणार, आणि तिने तर वर्षभर आपली बडबड हसतमुखाने ऐकलेली.

"तिचं काही चुकलं नाही, साहेब. खोड माझी आहे," ते म्हणाले. "इथे माझी ताई राहते. मी रोज हळू करतो, तेच गाडीने उचललं."

"मग भेटून जात जा की."

"भांडण आहे."

पोरीच्या जिवात जीव आला. "म्हणजे आता ती आपोआप वेग घेईल," ती स्क्रीनकडे बघत म्हणाली. "इथे थांबायचं तिला माहीतच नाही. तुम्ही कधी थांबलाच नाहीत ना."

गाडीने खरंच वेग घेतला. कुंड्या मागे सरकू लागल्या, ताईची पाठही. वस्तादांनी ब्रेक दाबला.

लॅपटॉप केकाटला. साहेबांनी कपाळाला हात लावला. वस्ताद उतरून थेट फाटकाशी गेले.

"ब्रेक दुरुस्त झाला वाटतं," पाणी घालता घालता ताई म्हणाली. "वर्षभर नुसती रखडत पुढे जायची."

"तेव्हा बोललो ते चुकलं माझं, ताई. गाडी तर तूच शिकवलीस मला."

ताईने वळून आधी ट्रककडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "आज कोणी थांबवली? त्या यंत्राने?"

"मी."

तिने नळ बंद केला आणि फाटकाची कडी काढली.

"त्या दोघांनाही आत बोलाव," ती म्हणाली. "आणि तुझ्या शिष्याला जरा सावलीत लाव."