पिल्लू आणि हिम्मेली

शाळेत यार्कोच्या तासाला निम्मा वर्ग डुलक्या काढायचा. पदार्थविज्ञान शिकवता शिकवता त्याचे केस पिकले, पण पोरांच्या डोळ्यांत कधी चमक आली नाही, आणि त्यानेही ते मनाला लावून घेणं सोडून दिलं होतं. त्याचा खरा वर्ग भरायचा घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी. त्या वर्गात विद्यार्थिनी एकच, त्याची मुलगी हिल्ला, आणि तीही आठवड्याआड.

यार्को आणि रिक्का वेगळे झाले तेव्हाच तसं ठरलं होतं: एक आठवडा आईकडे, एक बाबाकडे. दोन्ही घरं कोकेमॅकी गावातच, नदीच्या अल्याड-पल्याड. वही राहिली, टोपी राहिली, तर पोरगी सायकल हाणत यायची आणि घेऊन जायची. पण यंदा पानगळीच्या दिवसांत रिक्काला रोवानिएमीच्या इस्पितळात कायमची नोकरी लागली. रोवानिएमी पार वर, उत्तरेला. नाताळाच्या आधी मायलेकी तिकडे जाणार, आणि मग हिल्ला इकडे येणार ती फक्त सुट्टीत. यार्कोने आडकाठी केली नाही. तिकडे पोरीची आजी होती, शाळा चांगली होती. हे सगळं त्याला पटत होतं आणि त्यातल्या कशानेही बरं वाटत नव्हतं.

त्यातच एक दिवस हिल्ला फोनवर सहज बोलून गेली की लोकरी मोजे तुझ्या घरी राहिलेत. आजवर ती नुसतं 'घरी राहिलेत' म्हणायची. तिच्या ध्यानीमनीही नव्हतं, पण यार्कोला जे लागायचं ते लागलंच. हे घर तिचं राहणार, की सुट्टीत पाहुणी म्हणून जायचं बाबाचं घर होणार? एवढ्या एका काळजीने त्याला पोखरायला घेतलं.

जाण्याआधीच्या शेवटच्या आठवड्यात त्याने माळ्यावरून काड्यांची पेंढी काढली. काळी पावरोटी ज्याची करतात त्या राय धान्याच्या काड्या. शेजारच्या ओइवाच्या शेतात यंत्र शिरण्याआधी बापलेकींनी त्या विळ्याने कापल्या होत्या, कारण यंत्र काडी चेपून टाकतं आणि चेपलेल्या काडीची हिम्मेली, म्हणजे नाताळात छताला टांगायचं काड्यांचं झुंबर, होत नाही. तेव्हा ऑगस्टचं ऊन होतं आणि रोवानिएमीचं नावही कुणी काढलं नव्हतं.

काड्या सौनातल्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीतल्या, बादलीत भिजवल्या, कापल्या, आणि सुई-दोऱ्याने ओवायला घेतल्या. यार्कोने आधी चौकोन करायला सांगितला. हिल्लाने केला, बोटाने दाबला, आणि चौकोन लगेच आडवा झाला. मग त्रिकोण. तो काही केल्या हलेना. यार्को मुद्दाम खिडकीबाहेर बघत बसला.

"तू परत शिकवतोयस," हिल्ला म्हणाली.

"मी? मी तोंड तरी उघडलं का?"

"गप्प बसूनच शिकवतोस तू. ओळखते मी तुला." तिने त्रिकोण पुन्हा दाबून पाहिला. "यात तिघं आहेत ना, म्हणून कुणी कुणाला पडू देत नाही."

यार्को उठला आणि कॉफी नको असताना कॉफी टाकायला गेला.

त्रिकोणाला त्रिकोण जोडत हिऱ्याच्या आकाराचे दोन पोकळ तुकडे झाले, एक मोठा आणि एक चिमुकला. हिल्लाने त्यांची नावं ठेवली ढब्बू आणि पिल्लू. एका लांब काडीच्या दोन टोकांना दोघांना बांधलं आणि मधोमध दोरा लावून टेबलाच्या वर छताला टांगलं, तर ढब्बू धाडकन खाली. यार्को म्हणाला, आता पिल्लू मोठं करावं लागणार. हिल्लाने त्याच्याकडे दयेने पाहिलं आणि दोरा ढब्बूच्या दिशेने थोडा थोडा सरकवत नेला. एका जागी काडी सरळ झाली. "पिल्लू लांब गेलं की जड होतं," ती म्हणाली. वर्गात हेच वाक्य यार्कोने किती वर्षं घोकलं होतं. त्याचा अर्थ आज त्याच्या छातीत उतरला.

सकाळी हिम्मेली कललेली. हिल्लाने सरळ बापावर आळ घेतला, की तूच रात्री हात लावलास. मग तिच्याच लक्षात आलं: पिल्लू शेवटी केलेलं, ओलं होतं, रात्रभरात वाळून हलकं झालं. ओल्या काड्यांची हिम्मेली टांगायची नसते हे गावातल्या लहान पोरालाही ठाऊक, आणि पदार्थविज्ञानाचा मास्तर विसरला. ती पोट धरधरून हसली. दोरा पुन्हा लावला आणि हिम्मेली सरळ झाली.

रविवारी रिक्काची गाडी अंगणात उभी राहिली. बूट घालून झाल्यावर हिल्ला परत आत आली, खुर्चीवर चढली आणि पिल्लू सोडून घेतलं. "हे मी नेते." यार्को म्हणाला, ने, तुझंच आहे. काडी एका अंगाला खाली गेली आणि गाडी फाटकाबाहेर पडली.

एवढासा दोरा सरकवला असता तर काम झालं असतं. जेवायला बसलं की यार्कोचा हात वर जायचा आणि परत यायचा. दोरा सरकवला म्हणजे काही कमी नाही असं ठरवून टाकल्यासारखं झालं असतं. ओइवा पाव घेऊन आला तेव्हा वर बघून म्हणाला, "मास्तर, वाकडी लटकलीय की. पोरांना काय शिकवता मग?" यार्को म्हणाला, दोरा निसटलाय.

नाताळच्या आदल्या दिवशी त्याने आईच्या थडग्यावर मेणबत्ती लावली, एकट्याने सौना घेतला आणि दूध-तांदळाची खीर केली. खिरीतला एकुलता बदाम ज्याच्या वाटीत येतो तो नशीबवान. अर्थात तो यार्कोच्याच वाटीत आला. तेवढ्यात फोन वाजला.

हिल्लाने बर्फाचं सांगितलं, आजीच्या कुत्र्याचं सांगितलं. मग विचारलं, "हिम्मेली कशी आहे?"

"छान आहे."

"सरळ आहे?"

"अगदी सरळ."

मग हळू आवाज आला, "दोरा सरकवलास तू?"

"नाही गं."

"मग ती सरळ कशी असेल? पिल्लू तर इथे आहे, माझ्या खिडकीत."

आपण पोरीला धीर देत होतो आणि आपल्यावाचून तिथलं सगळं सरळ झालं की काय म्हणून पोरगी तिकडे भीत होती, हे यार्कोला आत्ता कळलं.

"वाकडी आहे," तो म्हणाला. "पार वाकडी. ओइवाकाका हसून गेले. मी हात लावलेला नाही."

हिल्लाने सुस्कारा सोडलेला त्याला ऐकू आला. "मग राहू दे तशीच. घरी आले की मीच बांधेन."

"बरं," यार्को म्हणाला.

त्याने फोन ठेवला. टेबलावरच्या मेणबत्तीच्या उबेवर वाकडी हिम्मेली संथ फिरत होती. खीर गार झाली होती. त्याने बदाम बाजूला काढून पुसून ठेवला, तिच्यासाठी, आणि मग वाटी चाटूनपुसून संपवली.