काजूच्या टेबलावरचा कॅमेरा

मित्रांनो, २०२५ साल होते. मी एक जुना कॅमेरा आहे. आधी मिरकरवाडा बंदरात बर्फाच्या कारखान्याच्या फाटकावर मी पाच वर्षे खारा वारा खाल्ला. मग आदल्या पावसाळ्यात महिपतशेटनी मला विकत घेतले, संगणकाशी जोडले आणि हातखंब्याजवळच्या आपल्या काजूच्या कारखान्यात प्रतवारीच्या टेबलावर टांगले. पुढच्या एप्रिलपासून मी नुसता पाहत नव्हतो, मोजतही होतो. कोणाचा हात किती गर उचलतो, किती वेळ थांबतो. चाललेला हात पडद्यावर हिरवा दिसे, थांबलेला लाल.

"मशीन कधी चुकत नाही," असे शेट पाहुण्यांना सांगत. मला फार बरे वाटे.

एकच कोडे मला सुटत नव्हते. मालनबाई बावीस वर्षे अख्खे गर, पाकळ्या आणि तुकडे वेगळे करत आल्या होत्या. पण मधेच त्यांचा हात थांबे. गर अंगठ्याने चोळत, नाकाशी नेत. का बरे? मला काही कळेना. मी आपला लाल दाखवत गेलो.

तीन आठवडे लाल पाहून शेट म्हणाले, "मालन, सोमवारपासून तू अंगणात. बिया वाळवायला."

"शेट, गुडघे गेलेत माझे. उन्हात वाकून बिया फिरवणं मना जमायचं नाय. म्हंजे घरीच बसवताव की मना."

"मी नाय गो, मशीन सांगतंय."

शेजारच्या बकुळाबाईंनी माझ्याकडे बोट केले. "मग त्यालाच इचारा, एक तरी बी सोललीय काय मेल्यानं!"

सगळ्या हसल्या. मालनबाई हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी युरोपात माल घेणाऱ्या कंपनीचे पत्र आले. तिकडे कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी नवा कायदा झाला होता, म्हणून ती कंपनी माल पुरवणाऱ्यांनाही प्रश्न विचारू लागली होती. शेटची पुतणी तेजस्वी कचेरी सांभाळायची. ती वाचू लागली.

"काका, मशीनच्या आकड्यांवरून कोणाचं काम बदलता का?"

"नाही, असं लिही."

"मालनमावशीचं कालच बदललंत की. सही तुमची आहे हां."

शेट खिशात चष्मा चाचपू लागले. तिने पुढचा प्रश्न वाचला.

"मशीन कोणाचे हात बघून शिकलं? कधी?"

तिने माझ्या शिकवणीची चित्रे उघडली. तारखा पाहून ती टेबलापाशी आली. "बकुळामावशी, गेल्या गणपतीत इथे कोण होतं?"

"आमी कशाला असू? समद्या आपापल्या गावाला!"

कारखाना शांत असतो म्हणून शेटनी माझी शिकवणी त्याच सुट्टीत उरकली होती. टेबलावर होत्या चार नव्या मुली, आठवड्यापूर्वीच बाहेरगावाहून आलेल्या. भरभर उचलायचे, एवढेच त्यांना ठाऊक. मी त्यालाच काम समजलो. जाणता हात मला कोणी दाखवलाच नव्हता.

तेजस्वीने प्रत्येकीचे भरलेले डबे उघडायला लावले. हिरव्या हातांच्या डब्यांत ओलसर, खवट गर निघाले. मालनबाईंच्या डब्यात एकही नाही. शेटनी एक गर स्वतः चोळला, हुंगला आणि तोंड वाकडे केले.

"सोमवारी इथंच बस गो," ते मालनबाईंना हळूच म्हणाले.

पत्राला खरे उत्तर गेले. लाल-हिरवे रंग बंद झाले. भिंतीवर पाटी लागली: 'हा कॅमेरा तुमचे काम मोजतो. त्याचे म्हणणे पटले नाही, तर तेजस्वीला सांगा.' मला नव्याने शिकवायला पंधरा दिवस मालनबाई माझ्यासमोर सावकाश गर चोळत बसल्या. वास मला अजून येत नाही. पण थांबलेला हातही काम करत असतो, एवढे मी शिकलो.

यंदाच्या शिमग्याला मालनबाई आपणहून काम सोडून संगमेश्वरला लेकीकडे गेल्या. बकुळाबाई टेबलावरच आहेत आणि मला रोज 'मेल्या' म्हणतात. तेजस्वी आता चिपळूणच्या कारखान्यांनाही असली पत्रे वाचून देते. शेट सहीआधी चष्मा लावतात. माझी काच काजूच्या सालीच्या भुशाने धूसर झाली आहे.

मित्रांनो, इकडे आलात तर ती पुसा. आणि तुमच्या गावात एखादे यंत्र कोणाला कामचुकार ठरवू लागले, तर आधी त्यालाच विचारा, तू शिकलास तेव्हा तुझ्यासमोर कोण बसले होते?