फुंकर न घातलेला हात

सकाळी सातलाच कामगारवस्तीच्या चौकात रांग लागायची. प्रत्येक आईच्या बोटाला एक पोर, बाही वर सारलेली. मध्ये स्टुलावर फुंकरबाबा. पोराच्या हातावरच्या लाल चट्ट्यावर तो तीनदा फुंकर घाली, डोळे फिरवी आणि ओरडे, "उतर! सिस्टरच्या सुईचं विष, उतर!" नऊ सकाळी फुंकर घेतली की चट्टा खरंच उतरायचा. बायका तोंडात बोटं घालायच्या.

ती सिस्टर मी. समोरच्या दवाखान्याच्या खिडकीतून हा तमाशा बघत बसे. माझं बाक रिकामं.

पलीकडच्या गल्लीत एक मुलगा घटसर्पाने गुदमरून गेला, म्हणून मी वस्तीतल्या बेचाळीस मुलांची चाचणी केली होती. या रोगाच्या विषाचा इवलासा अंश हाताच्या कातडीत टोचायचा. अंगात प्रतिकारशक्ती असेल तर काही होत नाही. नसेल तर चौथ्या दिवसापर्यंत लाल चट्टा उठतो. अकरा मुलांना उठला. म्हणजे या अकरांना लस हवी, तीही लवकर. पण बाबाने चट्ट्याचं खापर माझ्यावर फोडलं आणि लस घ्यायला एकही पोर आलं नाही.

मी नळावर गेले की बायका बादल्या उचलून बाजूला होत. शेजारची शिवणवाली रोज संध्याकाळी माझ्याशी दारात बसून बोलायची, तिनेही दार ओढून घेतलं. एका रविवारी कुणाचा तरी आवाज कानावर पडावा म्हणून मी बाटल्यांवरची औषधांची नावं मोठ्याने वाचत बसले.

शिवणवालीची सहा वर्षांची भिंगरी त्या अकरांतलीच. एका सकाळी रांगेतल्या आईचा डोळा चुकवून ती आली आणि बाकावर पाय हलवत बसली. तिच्या हातावर आता फक्त तपकिरी डाग उरला होता, वर सुकलेली साल. मी बाही सारून हात धूत होते. तिने माझ्या हातावरच्या तशाच डागाकडे बोट दाखवलं.

"सिस्टर, तुम्हालाही झाला होता?"

झाला होता. मुलांनी भिऊ नये म्हणून मी पहिली सुई स्वतःलाच टोचली होती. माझं लहानपण दीपगृहावर गेलं. वडील दिवा सांभाळत आणि आसपास चिटपाखरू नसे. चार पोरांत खेळून, नकळत जंतूंशी ओळख होऊन जी शक्ती येते, ती मला कुठून येणार?

"मग तुम्हाला कुणी फुंकर घातली?"

"मला कोण घालणार गं?" मी म्हणाले.

भिंगरीने बाकावरून उडी मारली. मग मला हाताला धरून थेट चौकात ओढत घेऊन गेली. "आई, सिस्टरचा पण गेला! फुंकर न घालता!"

तिने आपला आणि माझा हात शेजारी शेजारी धरला. तोच डाग, तीच साल.

"वाऱ्यावरून माझी फुंकर तिच्यापर्यंत गेली!" बाबा गरजला.

"मग आम्ही रांगेत कशाला तंगड्या मोडतोय?" मागून एक म्हातारी म्हणाली. "आम्हीपण घरीच बसतो की!"

पहिल्यांदाच रांग हसली.

मी म्हटलं, "चट्टा एक-दोन आठवड्यांत आपोआप जातो. धोका जात नाही. मी चाचणीची सुई पुन्हा टोचते, मलाही. बाबांची खुशाल फुंकर घ्या. पोर सुरक्षित झालं असेल तर चट्टा उठणार नाही."

शिवणवाली घुटमळली. मग तिने भिंगरीचा हात पुढे केला.

बाबाने चार दिवस गाल दुखेपर्यंत फुंकलं. चौथ्या दिवशी भिंगरीचा हात लाल आणि माझाही लाल. "घटसर्प असाच तोंडातल्या तुषारांतून पसरतो," मी सांगितल्यावर आयांनी पोरं मागे ओढली. पाचव्या दिवशी चौकात नुसतं स्टूल होतं.

गुरुवारी दवाखान्यात येणाऱ्या डॉक्टरांनी अकराही मुलांना लसीची पहिली सुई दिली. शिवणवाली जाता जाता थांबली. "आणि तुमची?"

"आता घेते."

"एकट्या?" ती माझ्या शेजारी बसली आणि सुई टोचेपर्यंत माझा दुसरा हात घट्ट धरून राहिली. मला रडू आलं. सुईमुळे नव्हे.

म्हणून सांगते, कुणी चमत्कार दाखवला तर एवढंच विचारा : ज्याला फुंकर मिळाली नाही, त्याचं काय झालं? तो माणूस शोधा. बहुधा तो कुठेतरी रिकाम्या बाकावर एकटाच बसलेला असेल. त्याच्याजवळ जाऊन बसा आणि त्याचा हात बघा.